डेस्कटॉप चालु होत नाही: पंखा अर्धा फेरा फिरतो आणि थांबतो (पावतीपुस्तकं अडकलीत!)

मुद्राराक्षस | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. तांत्रिक विभागात पहिल्यांदाच लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

चिपळूणला माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, आणि या दिवसांत गणपती मंडळांची वर्गणीची पावतीपुस्तकं. २०१२ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. आय३, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, विंडोज ७. हसू नका. पानं मांडायचं पेजमेकर ७ आणि मराठी टंकायची श्रीलिपी त्याच्यावर आहे, श्रीलिपीचं डोंगल (ती चावी लावल्याशिवाय श्रीलिपी चालत नाही) त्यालाच लावलेलं आहे, आणि इतक्या वर्षांच्या पत्रिकांच्या फायली आत आहेत. लोक येऊन "मोठीच्या लग्नात होती तश्शीच काढा" म्हणतात, तेव्हा त्या लागतात.

२२ जुलै २०२१ च्या पुरात दुकानात पाणी भरलं, तेव्हा हा सीपीयू तेवढा डोक्यावरून माळ्यावर नेला म्हणून वाचला. तेव्हापासून वाशिष्ठी फुगली असं कानावर आलं की मी मेन स्विच पाडतो आणि सीपीयू माळ्यावर चढवतो. या वेळीही तेच केलं. आठ दिवस वर होता. काल खाली आणला, वायरी लावल्या, बटण दाबलं. आतला पंखा अर्धा फेरा फिरतो, पुढचा दिवा एकदा लुकलुकतो आणि सगळं शांत. पुन्हा दाबलं तर तेवढंही नाही. मागची पिन काढून मिनिटभर थांबलं की परत तोच अर्धा फेरा.

ओळखीच्या रिपेअरवाल्याला फोन केला. न बघताच म्हणाला, मदरबोर्ड गेला, असले बोर्ड आता मिळत नाहीत, नवीन घ्या. इकडे ४ मंडळांची पुस्तकं अंगावर आहेत. खरंच बोर्ड गेला असेल का?

डॅलसचा_दामू | शनिवार, रात्री ९:५५

१२-१३ वर्षं जुनी मशीन? त्याच्यावर वेळ घालवण्यापेक्षा नवीन मिनी पीसी घ्या, खोक्यातून काढा, लावा, विषय संपला.

झिपरी | शनिवार, रात्री १०:०२

दामूकाका, प्रश्न परत एकदा वाचा बरं. डोंगल, पेजमेकर, जुन्या फायली. नवीन मशीन आली तरी हे सगळं तिच्यावर चढवायला गणपती येऊन जातील.

ऱ्हस्व_दीर्घ | शनिवार, रात्री १०:०६

शीर्षकात "चालु" नव्हे, "चालू". बाकी संगणकातलं मला काही कळत नाही.

मुद्राराक्षस | शनिवार, रात्री १०:१०

@ऱ्हस्व_दीर्घ, नाव उगाच नाही घेतलेलं.

आजोबा_४९ | शनिवार, रात्री १०:२१

रॅम काढा. सोनेरी पट्टीवर शाळकरी पोरांचं पांढरं खोडरबर हलक्या हाताने घासा, भुगा झटका, परत बसवा. कोकणात पावसाळ्यात हाच आजार असतो.

गोगलगाय | शनिवार, रात्री १०:२५

आजोबांना दाढ दुखते म्हणून सांगितलं तरी ते रॅम पुसायला सांगतील.

कथिलवाला | शनिवार, रात्री ११:१५

कोल्हापुरात २२ वर्षं हेच काम करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आधी श्वास घ्या. फायली हार्ड डिस्कमध्ये आहेत. बोर्ड जळून कोळसा झाला तरी डिस्क वेगळी निघते.

आता तो अर्धा फेरा. पुढचं बटण पंख्याच्या रेग्युलेटरसारखं थेट वीज सोडत नाही, ते नुसती विनंती करतं. पिन लावली की एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा, जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट कायम देत राहतो. मशीन 'बंद' असतानाही. त्या ५ व्होल्टवर बोर्डाचा एक कोपरा जागा असतो. बटण दाबलं की बोर्ड हिरवी वायर खाली ओढतो, म्हणजे एसएमपीएसला "ऊठ" म्हणतो. तो उठतो, १२, ५, ३.३ व्होल्ट जागेवर आले की करड्या वायरवरून "सगळं ठीक" असा निरोप देतो, आणि मगच प्रोसेसर कामाला लागतो. एवढं सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. यात कुठं शॉर्ट असेल किंवा व्होल्टेज जागेवर येत नसेल तर एसएमपीएस स्वतःला कुलूप लावून घेतो, आणि ते कुलूप मागची पिन काढल्याशिवाय उघडत नाही. तुम्ही नेमकं हेच लिहिलंय.

म्हणजे एकतर कुठेतरी शॉर्ट आहे, नाहीतर एसएमपीएस म्हातारा झालाय. बोर्ड गेलेला असूच शकत नाही असं मी म्हणत नाही, पण फोनवरून ते सांगायला बोर्ड म्हणजे काही कुंडली नव्हे.

उद्या एवढं करा. पिन काढा, बटण ४-५ वेळा दाबा म्हणजे आतली शिल्लक वीज उतरेल. बाजूचं पत्र्याचं झाकण काढा. टॉर्च मारून बघा: पालीचा सांगाडा, मुंग्यांचं वारूळ, सुटा स्क्रू, फुगलेला कपॅसिटर (वीज साठवणारं छोटं नळकांडं). मग डोंगल, हार्ड डिस्क, डीव्हीडी, पुढच्या यूएसबीच्या वायरी सगळं सोडवा. फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक रॅम ठेवून बटण दाबा. आणि काही झालं तरी एसएमपीएसचा डबा उघडू नका. आत मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी बसलेले असतात, पिन काढल्यावरही काही वेळ.

तिरफळ | शनिवार, रात्री ११:३८

पालीवरून आठवलं. सावंतवाडीला आमच्या घरी एसएमपीएसच्या जाळीतून पाल आत गेली, उबेला बसली आणि एका संध्याकाळी सगळ्या घराचा फ्यूज घेऊन गेली. वास चार दिवस गेला नाही.

झिपरी | रविवार, सकाळी ७:५०

मुद्राराक्षस, डिस्क सोडवणारच आहात तर लगेच कॉपी करून घ्या. यूएसबी-सॅटा केबल मिळते, लॅपटॉपला लावून फक्त फायली ओढायच्या. दुरुस्ती नंतर. आधी हे.

मुद्राराक्षस | रविवार, दुपारी १:३०

झिपरीताई, भाच्याकडे ती केबल होती. ६१ जीबी त्याच्या लॅपटॉपवर उतरवले. १२ वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाची दुसरी प्रत अस्तित्वात आली. लाज वाटली, पण जेवण गेलं.

पाल नाही, मुंग्या नाहीत. धूळ मात्र अशी की पंख्याखाली गोधडी तयार झाली होती. ब्रशने काढली. बोर्डावर फुगलेलं काही दिसत नाही. सगळं सोडवून बटण दाबलं. तोच अर्धा फेरा.

अर्धवट_इंजिनियर | रविवार, दुपारी २:०५

एसएमपीएस सुटा करून तपासा. २४ पिनांचं मोठं कनेक्टर बोर्डातून काढा, हिरवी आणि शेजारची काळी वायर यांच्यात यू-पिन घाला, मग मागची पिन लावा. एसएमपीएसचा पंखा फिरला तर एसएमपीएस ठीक आणि बोर्ड गेला. फिरला नाही तर उलट. दोन मिनिटांत निकाल.

कथिलवाला | रविवार, दुपारी २:२०

पहिलं अर्धं बरोबर, निकाल चूक. करा ही चाचणी, पण हार्ड डिस्क लावू नका. डीव्हीडी ड्राइव्ह लावा, थोडा भार असलेला बरा. आणि पंखा फिरला म्हणून नाचू नका. पंखा १२ व्होल्टवर फिरतो, ९ वरही फिरतो. रिकामा टेम्पो घाट चढला म्हणून भरलेला चढेलच असं नाही.

मुद्राराक्षस | रविवार, संध्याकाळी ६:१०

फिरला! म्हणजे बोर्डच गेला का हो?

अर्धवट_इंजिनियर | रविवार, संध्याकाळी ६:१४

दुर्दैवाने हो. बोर्डच.

कथिलवाला | रविवार, संध्याकाळी ६:३०

थांबा. ओळखीच्या वायरमनकडून मल्टिमीटर आणा. डीसी, २० ची रेंज. मोठं कनेक्टर परत बोर्डात बसवा. काळी सळई कुठल्याही काळ्या वायरीच्या भोकात, लाल सळई जांभळ्या वायरीच्या मागून आत. मशीन चालू न करता किती दाखवतो ते सांगा. मग बटण दाबताना काय होतं ते सांगा. हवे ४.७५ ते ५.२५.

मुद्राराक्षस | रविवार, रात्री ८:४५

४.२०. बटण दाबताना ३.३ पर्यंत पडतो आणि परत वर येतो.

जाता जाता, पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. आधीही यायच्या, मला वाटायचं पत्र्याचंच असतं तसं.

कथिलवाला | रविवार, रात्री ९:००

सापडलं. ५ च्या जागी ४.२० म्हणजे जो कोपरा कायम जागा असायला हवा तोच अर्धवट झोपेत आहे. तो हिरवी वायर ओढतो, स्वतःच कोसळतो, वायर सुटते. बोर्डावर संशय घ्यायची अजून गरज नाही. आज रात्रभर मागची पिन लावून ठेवा, सकाळी परत मोजा.

पत्र्याचं म्हणाल तर तसं नसतं. एसएमपीएसमध्ये गाळणीचे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांचा करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या. पण तुमच्या तिसऱ्या पिनेला अर्थिंग नाही हे पक्कं. वायरमन आलाच आहे तर चहा पाजा आणि तेवढं करून घ्या.

कोथरूडकर_काकू | रविवार, रात्री ९:२२

माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर हिरवी उभी रेघ येते, ते पण मल्टिमीटरने कळेल का?

झिपरी | रविवार, रात्री ९:२५

काकू, वेगळा धागा काढा ना. इथे गणपती अडकले आहेत.

मुद्राराक्षस | सोमवार, सकाळी ८:१५

४.५८! आणि बटण दाबल्यावर पंखा चक्क चार-पाच फेरे फिरला. हे काय गौडबंगाल?

कथिलवाला | सोमवार, सकाळी ९:४०

गौडबंगाल कसलं. आतला एक छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलाय. ऊब मिळाली की थोडा सुधारतो, गार पडला की आखडतो, माणसाच्या गुडघ्यासारखा. तुमच्या दुकानात मागची पिन वर्षानुवर्षं चालूच असणार, म्हणजे तो कायम कोमट होता आणि ओढून नेत होता. या वेळी आठ दिवस माळ्यावर दमट हवेत पूर्ण गार पडला, आणि उठलाच नाही. गेला तो आधीच होता, तुम्हाला कळलं आत्ता. आता दुसरा एसएमपीएस लावून बघा.

तिरफळ | सोमवार, सकाळी १०:०५

उसना एसएमपीएस जुना असेल तर मागे लाल खटका असतो, ११५/२३०. तो २३० वर आहे ना बघा, नाहीतर दिवाळी. आणि सुट्या केबलींचा, म्हणजे मॉड्युलर असेल तर त्याच्या स्वतःच्याच केबली वापरा. दुसऱ्या कंपनीची केबल बसते, पण आतल्या पिनांची जागा वेगळी असू शकते.

मुद्राराक्षस | सोमवार, रात्री ८:५०

भाच्याच्या मशीनमधला काढून आणला (त्याचा गेम बंद, त्यामुळे तोंड पाडून शेजारीच बसलाय). पंखा सलग फिरतोय! पण मॉनिटर काळा. बीप वगैरे काही नाही.

अर्धवट_इंजिनियर | सोमवार, रात्री ८:५८

प्रोसेसरजवळचं ४ पिनांचं छोटं कनेक्टर लावलंत का? ते विसरलं की अगदी असंच होतं. मीही विसरलोय. तीनदा.

मुद्राराक्षस | सोमवार, रात्री ९:१२

विसरलो होतो. ते लावलं. आता लांब बीप वाजतात, थांबून थांबून, सारखे. मॉनिटर काळाच.

आजोबा_४९ | सोमवार, रात्री ९:१४

खोडरबर.

कथिलवाला | सोमवार, रात्री ९:२०

आजोबा, या वेळी मुजरा. सारखे लांब बीप म्हणजे बोर्डाला रॅम सापडत नाहीये. एक चांगलंही ऐकून ठेवा: बीप देतोय म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर दोघंही शुद्धीवर आहेत. ते २४ पिनांचं कनेक्टर रॅमच्या शेजारीच असतं. तीन दिवस तुम्ही ते ओढताय, ढकलताय. त्यात रॅम हलली असणार. पिन काढा, रॅम काढा, पुसा, खाचेच्या दोन्ही टोकांच्या कानांचा (खिट्ट्यांचा) 'टक' आवाज येईपर्यंत दाबा.

मुद्राराक्षस | सोमवार, रात्री ९:४८

एक कान उघडाच होता. पुसून बसवली, मॉनिटरवर अक्षरं आली! सीमॉस चेकसम एरर म्हणतोय आणि तारीख २०११ सालातली दाखवतोय. पुढे जायला एफ१ दाबा म्हणतोय. दाबू?

गोगलगाय | सोमवार, रात्री ९:५०

दाबा की! आम्ही जेवण सोडून बसलोय इथे.

मुद्राराक्षस | सोमवार, रात्री १०:०५

दाबलं. विंडोजचं चिन्ह उमटायला लागलं आणि एकदम निळा पडदा येऊन मशीन परत पहिल्यापासून. तीन वेळा तसंच. रिपेअरवाल्याला निळ्या पडद्याचा फोटो पाठवला, तो म्हणतो विंडोज उडालं, सकाळी आणा, फॉर्मॅट मारतो, पाचशे रुपये. द्यावं का? फायलींची कॉपी आहे, पण पेजमेकर आणि श्रीलिपीच्या सीडी पुरात गेल्या.

झिपरी | सोमवार, रात्री १०:०७

अजिबात नाही!!! कथिलवाले, या लवकर.

कथिलवाला | सोमवार, रात्री १०:३१

जेवत होतो. मशीन बंद करा आणि त्याला हात लावू नका. फॉर्मॅट तर नाहीच.

निळ्या पडद्यावर शेवटी कुठला आकडा आहे, ७बी का?

मुद्राराक्षस | सोमवार, रात्री १०:३४

हो, बऱ्याच शून्यांनंतर ७बी. ७/१२ माहीत आहे, हे ७बी काय?

कथिलवाला | सोमवार, रात्री १०:५२

विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. डिस्क जागेवर, विंडोज जागेवर. फक्त दाराचं कुलूप बदललंय.

बोर्डावर सीआर२०३२ चा गोल सेल असतो, ३ व्होल्टचा. तारीख, वेळ आणि बायोसमधल्या (म्हणजे विंडोजच्या आधी बोर्ड स्वतः चालवतो त्या प्रोग्रॅममधल्या) निवडी तो सांभाळतो. पिन लावलेली असते तोवर बोर्ड त्या जांभळ्या वायरीवरच भागवतो, सेलवर भार नाही. म्हणून सेल मेला तरी वर्षानुवर्षं कळत नाही. तुम्ही आठ दिवस वीज तोडलीत आणि तो सगळं विसरला. बायोस मूळ निवडीवर गेला.

आता गंमत. डिस्कशी बोलायचे दोन मोड असतात, जुना आयडीई आणि नवा एएचसीआय. त्या काळात असेंबल करणारे बरेच जण डिस्कचा मोड आयडीई ठेवून विंडोज ७ टाकायचे. तुमच्या बोर्डाची मूळ निवड एएचसीआय असणार. विंडोज आयडीईच्या हिशोबाने बसलेलं, बायोस आता एएचसीआय म्हणतोय, म्हणून ७बी. या वळणावर किती धडधाकट विंडोज फॉर्मॅट झालेली मी बघितलीत, मोजदाद नाही.

उद्या किराणा किंवा घड्याळाच्या दुकानातून नवा सेल आणा, लिहिलेली बाजू वर ठेवून बसवा. चालू करताना डिलीट दाबत राहा, बायोसमध्ये सॅटा मोड (डिस्कचा मोड तो हाच) शोधा, आयडीई करा, तारीख-वेळ नीट करा, एफ१० ने जतन करा.

मुद्राराक्षस | मंगळवार, सकाळी ११:२०

चालू झालं.

हे टंकताना हात थरथरतोय. पेजमेकर उघडलं, डोंगलचा दिवा लागला, गेल्या वर्षीचं पावतीपुस्तक जसंच्या तसं. कथिलवाले, तुमचे पाय कुठेत? झिपरीताई, आजोबा, तिरफळ, अर्धवटराव, सगळ्यांचेच. दामूकाका, तुमचे नाहीत.

डॅलसचा_दामू | मंगळवार, दुपारी १२:१०

मान्य. पण नवीन एसएमपीएस घ्याल ना, की तोही नाही?

मुद्राराक्षस | मंगळवार, दुपारी १२:१५

घेतला. भाचा दारातच उभा होता. आणि जुना एसएमपीएस एसटीच्या पार्सलने कोल्हापूरला निघालाय, कथिलवाल्यांना उघडून बघायचाय.

ऱ्हस्व_दीर्घ | मंगळवार, दुपारी १२:४०

या वेळी "चालू" बरोबर लिहिलंत. अभिनंदन.

कथिलवाला | शुक्रवार, संध्याकाळी ७:३०

पार्सल मिळालं. मोठ्या कपॅसिटरवरची वीज उतरवून उघडला. बाहेरून सगळं चकचकीत, एकही फुगलेला नाही. स्टँडबायच्या, म्हणजे जांभळ्या वायरीच्या, भागात हीटसिंकला (उष्णता खेचणाऱ्या पट्टीला) खेटून बसलेला एक छोटा, २२ मायक्रोफॅरड ५० व्होल्ट. मीटरवर दाखवतो ३. बदलला, जांभळी वायर ५.०४. नवा कपॅसिटर ५ रुपयांना आला, तुमचं एसटीचं भाडं त्याच्या कितीतरी पट झालं असणार.

परत पाठवू का? सुटा पडून राहिला तरी चालेल, पण वर्षातून दोनदा वीज द्या त्याला.

मुद्राराक्षस | शुक्रवार, रात्री ८:०५

राहू दे तुमच्याकडेच, कुणाला अडीनडीला लागेल. तीन मंडळांची पुस्तकं गेली, चौथ्याची उद्या. आणि आज वायरमनने मागच्या पडवीत अर्थिंगचा खड्डा घेतला. पत्र्याला हात लावून बघितला, मुंग्या नाहीत.

कोथरूडकर_काकू | शुक्रवार, रात्री ८:२०

हिरव्या रेघेचा धागा काढलाय हो. कुणीच आलं नाही.

आजोबा_४९ | शुक्रवार, रात्री ८:२४

आलो. लॅपटॉपची रॅम कुठे असते?